उष्णतेला वाट हवी

गेल्या थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघे चार दिवस लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. जेवणे आटोपून मंडळी टीव्हीसमोर फुटबॉल बघत पेंगत होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून व्हॅक्यूम क्लीनर चालल्यासारखा आवाज येऊ लागला. चौदा वर्षांच्या मुलाच्या खोलीतून असा आवाज आला तर दोन गोष्टी खात्रीने सांगता येतात: खोली साफ होत नाही आणि अभ्यासही होत नाही. थोड्या वेळाने आवाज एकदम थांबला आणि नातू पाय आपटत खाली आला. "परत शटडाऊन! ग्राफिक्स कार्ड ओव्हरहीट होतंय. आय टोल्ड यू, बाबा, ते गेलंय. नवीन घ्यायला लागणार."

नव्या कार्डाची किंमत ऐकून जावयांची पेंग उतरली. मी 1973 साली या देशात आलो तेव्हा घेतलेली माझी पहिली जुनी गाडी त्या किमतीच्या निम्म्यातही आली नव्हती. जावयांचे म्हणणे असे की ही ब्यादच घरातून काढून टाकावी. नातवाचे म्हणणे असे की नवे कार्ड आणावे. वाद बराच रंगला. पण दोघांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत होते, ते म्हणजे कार्ड बिघडले आहे. मला नेमके तेवढेच पटत नव्हते.

मी 1978 ते 1996 अशी अठरा वर्षे एका विमा कंपनीच्या संगणक केंद्रात मोठ्या यंत्रांची देखभाल केली. त्यातला बराचसा वेळ संगणकापेक्षा त्याला थंड ठेवणाऱ्या नळांजवळ गेला. त्या काळात शिकलेली एक गोष्ट अजून विसरलेलो नाही. यंत्र तापले म्हणजे ते बिघडलेच असे नव्हे. संगणकाने केलेल्या हिशेबाचे उत्तर कागदावर किंवा पडद्यावर येते, पण त्यासाठी खर्ची पडलेली वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. ही उष्णता नाहीशी करता येत नाही. तिला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन सोडता येते, इतकेच. म्हणून तापलेल्या यंत्रासमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा की उष्णतेची वाट कुठे अडली आहे. संगणकाचा ऐंशी वर्षांचा इतिहास एका बाजूने पाहिला तर या एका प्रश्नाचाच इतिहास आहे.

व्हॉल्व्हचे दिवस

फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1946 साली एनिआक हा प्रचंड इलेक्ट्रॉनिक संगणक जगासमोर आला. आपल्यापैकी ज्येष्ठांना जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह आठवत असतील. रेडिओ लावल्यावर ते लालसर तापेपर्यंत आवाज येत नसे. एनिआकमध्ये असे सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. त्याचे वजन सुमारे तीस टन होते आणि त्याला जवळजवळ दीडशे किलोवॉट वीज लागे. आपल्याकडे हिवाळ्यात वापरतात ते साधे रूम हीटर दीड किलोवॉटचे असतात. असे शंभर हीटर एका हॉलमध्ये एकदम लावले तर जी भट्टी होईल, तेवढी उष्णता त्या यंत्रातून निघत होती. ती बाहेर फेकण्यासाठी मोठाले पंखे सतत हवा ढकलत असत.

व्हॉल्व्ह वारंवार जळतील आणि यंत्र कधी चालणारच नाही, अशी अनेकांची खात्री होती. यंत्राचा प्रमुख अभियंता प्रेस्पर एकर्ट याने व्हॉल्व्हवर त्यांच्या क्षमतेपेक्षा बराच कमी भार टाकला आणि आयुष्य वाढवले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे अनुभवाने कळली. व्हॉल्व्ह बहुतेक वेळा जात ते यंत्र चालू किंवा बंद करताना. सतत तापलेले राहण्यापेक्षा तापणे आणि निवणे, पुन्हा तापणे आणि पुन्हा निवणे हे त्यांना अधिक बाधत असे. थंड काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला की तो तडकतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून एनिआक शक्यतो बंदच करत नसत. ही गोष्ट लक्षात ठेवा. साठ वर्षांनी ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मुंबईलाही हा अनुभव फार उशिरा आला नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या गटाने 1956 साली एका छोट्या नमुना यंत्राचे काम पुरे केले आणि 1960 साली पूर्ण संगणक चालू झाला. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह होते. आमच्या नातवासारख्यांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे टिफ्रॅकला आलेख आणि अक्षरे दाखवणारा कॅथोड-किरण नळीचा पडदाही जोडलेला होता. संगणकाने पडद्यावर चित्र काढायचे, हे काम मुंबईत तेव्हापासूनचे आहे.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे भारतातल्या बँकांत आणि कारखान्यांत कॉम्प्युटर रूम म्हणजे एक सोवळ्याची खोली असे. बाकीच्या कचेरीत छताचे पंखे गरगरत असायचे, पण त्या खोलीला एअरकंडिशनर असायचा. चपला-बूट बाहेर काढून आत जायचे, देवघरात जावे तसे. आम्ही अमेरिकेतून सुटीवर गेलो की या प्रकाराला हसत असू. आता हसत नाही. का ते पुढे सांगतो.

पाण्याचे दिवस

व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले आणि काही काळ सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एका व्हॉल्व्हच्या मानाने एका ट्रान्झिस्टरची उष्णता म्हणजे काहीच नाही. पण माणसाचा स्वभाव असा की वाचलेली जागा आणि वाचलेली वीज त्याला स्वस्थ बसू देत नाही. जिथे एक व्हॉल्व्ह होता तिथे शेकडो ट्रान्झिस्टर आले, मग हजारो आले. ते इतके दाटीने बसवले की हवेला त्यांच्यापर्यंत पोचणे कठीण झाले. हवा हा उष्णतेचा फार दुबळा हमाल आहे. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता वाहून नेते. त्यामुळे संगणकात नळ आले.

सीमोर क्रे याचा 1976 सालचा क्रे-1 हा त्या वेळचा सर्वांत वेगवान संगणक सुमारे 115 किलोवॉट वीज घेत असे. त्याच्या खांबांमधून फ्रिजमध्ये वापरतात तसले फ्रिऑन खेळवलेले होते. 1985 साली क्रे-2 आला. त्यात तर सगळ्या सर्किटच विजेला न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवून ठेवल्या होत्या. बाजूच्या पारदर्शक टाक्यांत तो द्रव खळखळताना दिसे, त्यामुळे लोकांनी त्या यंत्राचे नाव बबल्स ठेवले होते. आयबीएमने 1980 साली जाहीर केलेल्या 3081 या यंत्रात शंभराहून अधिक चिप एका सिरॅमिकच्या तबकावर बसवल्या. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने टेकणारा धातूचा एक छोटा दट्ट्या ठेवला. मधल्या फटींत हवेऐवजी हेलियम भरला, कारण तो हवेच्या सुमारे सहापट चांगला उष्णतावाहक आहे. या सगळ्याच्या वरून थंड पाणी फिरत असे. चिप, दट्ट्या, हेलियम, धातू, पाणी अशी ही साखळी होती. तिची एक जरी कडी निसटली तरी बाकीच्यांचा उपयोग शून्य.

ही साखळी मला एका माणसाने शिकवली. एका रात्री आमच्या केंद्रात तापमानाची घंटा वाजली. आम्ही चार इंजिनिअर यंत्राची दारे उघडून कोणती चिप गेली, कोणता पंप गेला याची चर्चा करत होतो. इमारतीचा वयस्कर प्लंबर आला. त्याने यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. तो पाण्याच्या पाइपामागोमाग खालच्या मजल्यावर गेला. तिथे पाण्यातला गाळ अडवणारी एक जाळी होती आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दाब दाखवणारे दोन काटे होते. एका बाजूला भरपूर दाब, दुसऱ्या बाजूला जेमतेम. त्याने पर्यायी मार्ग उघडून पाणी चालू ठेवले, जाळी काढली, तिच्यावरचा चिखल धुतला आणि परत बसवली. अर्ध्या तासात घंटा थांबली. जाताना तो एवढेच म्हणाला की तुमच्या मशिनला काहीही झालेले नाही. आम्ही चौघे पदवीधर एकमेकांकडे बघत राहिलो.

मग 1990 नंतर वारे फिरले. सीमॉस जातीच्या चिप फार कमी विजेवर चालत. आधी त्या संथ होत्या, पण वर्षागणिक वेगवान होत गेल्या. 1994 साली आयबीएमने मोठ्या यंत्रांची अशी नवी पिढी आणली की तिला पाणी लागत नव्हते, साधे पंखे पुरत. 1996 साली आमच्या केंद्रातले पाण्याचे शेवटचे यंत्र ट्रकवर चढले आणि त्यापाठोपाठ माझी नोकरीही गेली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नळांचे ज्ञान कुणाला विकायचे? पुढची दोन वर्षे घर हिच्या पगारावर चालले. मी शाळेत जाऊन नवे काही शिकत होतो. या पिढीतल्या अनेक वाचकांनी हे दिवस पाहिले असतील, म्हणून जास्त लिहीत नाही. तेव्हा एकच समजूत घालून घेतली होती की उष्णतेचा प्रश्न सुटला, आपले काम संपले.

उष्णता घरात येते

प्रश्न सुटला नव्हता. तो केंद्रातून निघून आमच्या घरी आला होता.

1993 साली इंटेलची पेंटियम चिप आली. तिचा वरचा नमुना सुमारे सोळा वॉट उष्णता देत असे. आज हा आकडा ऐकून हसू येईल, पण नखाएवढ्या जागेतून एवढी उष्णता निघू लागल्यावर चिपच्या डोक्यावर धातूचे पंख आणि त्यावर छोटा पंखा बसवणे ही घरगुती संगणकात नेहमीची गोष्ट झाली. चित्रे काढणारे कार्ड मात्र तेव्हा गरीब होते. 1996 साली गाजलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डाच्या चिपवर सहसा काहीच नसे, ना पंख ना पंखा.

1999 साली एनव्हिडियाचे जीफोर्स 256 आले. त्याच्या चिपला कंपनीने जीपीयू म्हटले आणि तो शब्द पुढे रूढ झाला. त्यात सुमारे दोन कोटी ट्रान्झिस्टर होते. तिथून पुढची शर्यत पाहण्यासारखी आहे. 2000 साली थ्रीडीएफएक्सच्या वूडू 5 कार्डाला मदरबोर्डकडून मिळणारी वीज पुरेना, म्हणून त्याला वेगळी तार जोडावी लागली. 2003 साली एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्राचा पंखा इतका किंचाळे की लोक त्याला हातातला व्हॅक्यूम क्लीनर म्हणत. अखेर कंपनीने स्वतःच त्यावर एक विनोदी चित्रफीत काढली. तीत ते कार्ड लावून पालापाचोळा उडवताना दाखवले होते. 2022 साली आलेले आरटीएक्स 4090 हे कार्ड 450 वॉटचे आणि 2025 सालचे 5090 हे 575 वॉटचे. एक माणूस नुसता बसला तर साधारण शंभर वॉट उष्णता देतो. म्हणजे असे एक कार्ड घरात चालले की चार-पाच पाहुणे खोलीत येऊन बसल्यासारखे आहे.

चित्र काढायला एवढी वीज का लागावी? पडद्यावर लक्षावधी ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ-शंभर वेळा नव्याने ठरवायचा असतो. हे काम एका हुशार कारकुनाचे नाही, हजारो साध्या कारकुनांनी एकाच वेळी करायचे आहे. 4090 मध्ये असे 16,384 छोटे गणक आणि 7,600 कोटी ट्रान्झिस्टर आहेत. ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. अमेरिकेने महासंगणक देण्याबाबत खळखळ केली तेव्हा पुण्यात 1988 साली सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली परम 8000 उभा राहिला. एक महाग आणि अतिवेगवान गणक नाही, तर मग पुष्कळ लहान गणक एकत्र राबवू, हा त्यामागचा विचार होता. तिथे कारण वेगळे होते, पण वाट हीच.

या वाटेवर सगळ्यांनाच यावे लागले, त्याचे कारण पुन्हा उष्णता. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवले, तर तेवढ्याच जागेतून निघणारी उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षे या हिशेबाने सगळ्यांना तारले. 2005 च्या सुमारास तो थांबला, कारण व्होल्टेज आणखी उतरवले तर बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागते. नुसता वेग वाढवत नेणे अशक्य झाले. इंटेलने 2004 साली आपली टेजस ही येऊ घातलेली चिप बासनात गुंडाळली आणि एका चिपवर दोन, मग चार गणक बसवायला सुरुवात केली.

तीन लाल दिवे

आता एनिआकची ती गोष्ट आठवा. 2005 साली मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स 360 हे खेळाचे यंत्र बाजारात आले. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी त्यासाठी हट्ट धरला असेल. काही महिन्यांनी त्यातली बरीच यंत्रे समोरचे तीन लाल दिवे लावून कायमची गप्प बसू लागली. 2007 साली कंपनीने हमीची मुदत तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च हिशेबात धरला. पुढे 2021 साली मायक्रोसॉफ्टच्याच माहितीपटात कारण सांगितले गेले. चिपच्या आतले जोड तडकत होते, आणि तेही सतत तापून नव्हे. खेळ सुरू केला की तापायचे, बंद केला की निवायचे, या रोजच्या फुगण्या-आकसण्याने. 2008 साली एनव्हिडियालाही लॅपटॉपमधल्या काही चिपच्या अशाच कच्च्या जोडणीपायी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. व्हॉल्व्ह गेले, साठ वर्षे गेली, पण काचेच्या पेल्याचा नियम तोच राहिला.

त्या काळात मेलेले कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचा एक उपाय तरुण मंडळींत फार फिरत होता. तडकलेला जोड उष्णतेने तात्पुरता जुळे आणि काही दिवसांनी पुन्हा सुटे. ज्या ओव्हनमध्ये आपण नानकटाई करतो त्यात प्लास्टिक आणि सोल्डर भाजू नये, हे सांगण्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

नातवाच्या खोलीत

हा सगळा इतिहास मी नातवाला जिना चढता चढता थोडक्यात सांगितला. त्याने तो सोशिकपणे ऐकला. मग आम्ही दोघांनी चिपपासून खिडकीपर्यंत उष्णतेची वाट कागदावर लिहून काढली. चिपच्या पाठीवर लेप, कारण दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी मध्ये हवेच्या बारीक फटी राहतात. लेपावर तांब्याचा पत्रा. पत्र्यातून निघणाऱ्या उष्णनळ्या. ही युक्ती लॉस अलामॉस इथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली सिद्ध केली आणि पुढे ती अंतराळयानांतही गेली. नळीत थोडे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते, भाताच्या पातेल्यावरच्या ताटलीला आतून पाणी सुटते तशी. मग आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी परत येते, समईची वात तेल ओढते तसे. नळ्यांपुढे पातळ पंख, पंखांवर पंखा, मग संगणकाची पेटी, मग खोली.

आधी मोजले. नातवाकडे तापमान दाखवणारा प्रोग्रॅम होताच. खेळ सुरू केल्यावर दहा मिनिटांत चिप 88 अंश सेल्सियसवर गेली आणि तिच्यातली सर्वांत तापलेली जागा 108 वर. अशा वेळी चिप स्वतःहून वेग कमी करते, म्हणून चित्र अडखळू लागते. तेवढ्यानेही भागले नाही तर ती जीव वाचवण्यासाठी सगळेच बंद करते. म्हणजे रोजचे ते बंद पडणे हा बिघाड नव्हता, चिपने घेतलेली काळजी होती. दोन आकड्यांतला फरक वीस अंशांचा होता. तो तीसच्या वर असता तर लेप वाळला असे समजून कार्ड खोलावे लागले असते. लेप सुटला.

मग एकेक कडी तपासली. संगणक टेबलाखालच्या कपाटात होता आणि कपाटाला दार होते, कारण आमच्या लेकीला तारा दिसलेल्या आवडत नाहीत. दार उघडे ठेवून तोच खेळ पुन्हा लावला. पाच अंश उतरले. पेटीची बाजूची झडप काढली. आणखी पाच उतरले. म्हणजे पेटीत हवाच येत नव्हती. पुढची जाळी काढली तर तिच्यावर लोकरीच्या घोंगडीसारखा धुळीचा थर. वीज बंद करून, प्लग काढून कार्ड बाहेर घेतले. पंख्याखालच्या पंखांमध्ये कार्पेटचे तंतू असे घट्ट बसले होते की पलीकडचा उजेड दिसेना. तेव्हा मला ते चपला बाहेर काढणारे बँकेतले लोक आठवले. त्यांचे काही चुकत नव्हते.

दाबाच्या हवेचा डबा आणून धूळ अंगणात उडवली. उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती हवेच्या जोराने बेफाम फिरून खराब होतात. एवढी एकच गोष्ट मी नातवाला दरडावून सांगितली. शेवटी प्रोग्रॅममधून कार्डाची वीज 80 टक्क्यांवर बांधली. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज एक दशांशाने उतरले तर उष्णता जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरते आणि वेग फारसा जात नाही. नातवाला खेळात फरक ओळखू आला नाही. संगणक कपाटाबाहेर, कार्पेटवरून उचलून एका फळीवर ठेवला. पुन्हा मोजले. चिप 70, सर्वांत तापलेली जागा 88. पंख्याचा आवाज असा की खालच्या मजल्यावरून आजीची हाक ऐकू आली. एरवी ती ऐकू येत नसे, असे नातवाचे म्हणणे होते.

जावयांनी खर्च विचारला. दाबाच्या हवेचा एक डबा, एवढाच झाला होता. खेळ किती वेळ खेळायचा हा त्यांचा आणि मुलाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. तो साफ करणारा डबा मिळत नाही.

रात्री नातवाने विचारले, "आजोबा, मग ती उष्णता शेवटी जाते कुठे?" मी त्याचा हात संगणकाच्या मागच्या झरोक्यासमोर धरला. खोलीत, तिथून भिंतीबाहेर, तिथून न्यू जर्सीच्या नोव्हेंबरात. मग तो म्हणाला की तुमची ती पाण्याची मशिन्स परत आली आहेत, ठाऊक आहे का? मला ठाऊक होते. 2008 साली आयबीएमच्या पॉवर 575 मध्ये पाणी परतले तेव्हा मी बातमी कापून ठेवली होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी याच ग्राफिक्स चिपची भावंडे राबतात. एनव्हिडियाने 2024 साली जाहीर केलेल्या एका कपाटाएवढ्या यंत्रात अशा 72 चिप आहेत आणि ते एकटे सुमारे 120 किलोवॉट वीज घेते. एनिआकचा सगळा हॉल एका कपाटात आला, उष्णता जवळजवळ तेवढीच. त्या कपाटाला पंखे पुरत नाहीत. त्याला नळ लागतात, जाळ्या लागतात आणि जाळीच्या अलीकडे-पलीकडे दाबाचे काटे लागतात.

ते काटे वाचणारी माणसे आता पुन्हा शोधली जात आहेत, असे ऐकतो. माझे वय अठ्ठ्याहत्तर, तेव्हा मी अर्ज करणार नाही. पण नातवाने तो कागद, चिपपासून खिडकीपर्यंतच्या वाटेचा, भिंतीवर चिकटवून ठेवला आहे. दर सहा महिन्यांनी जाळी साफ करायची, असे त्याखाली त्याने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिले आहे. 'जाळी'ला त्याने पहिली वेलांटी दिली आहे. ती मी दुरुस्त केलेली नाही.